परातीतली विहीर

औरंगाबाद,
१४ फरवर्दी १३४५ फसली

ती. स्व. सौ. दुर्गाआक्काच्या पायांशी धाकट्या राधाकिसनाचा साष्टांग नमस्कार, वि. वि. इकडे मी, तुझी भावजय आणि लेकरू, तिघंही सुखरूप. केदारखेड्याची खबरबात तुझ्याच अक्षरात येत राहावी, म्हणजे जिवाला बरं वाटतं.

दाजींनी माळावरच्या नव्या विहिरीचं विचारलं आहे. काळा पाषाण फोडून झाल्यावर खाली गेरूसारखा तांबडा मऊ थर लागला, पुढं खणावं की सोडून द्यावं, असंच ना? त्यांना सांग, बिलकुल सोडू नका. फार फार जुन्या काळी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला आणि निवून त्याचा काळा दगड झाला. उन्हापावसानं त्या दगडाची वरची साल कुजून तांबडी झाली. मग त्यावर पुन्हा रस येऊन पसरला. म्हणजे पुरणपोळीत जसं पुरण, तसं हे तांबडं दोन दगडांच्या मध्ये सापडलेलं आहे. त्याच्या खालचा दगड जाळीदार असतो, तो पाणी धरून ठेवतो. दाजींनी तांबडं बेलाशक कोरावं, खाली पाणी आहे.

आता माझं रडगाणं ऐक. कॉलेजात मी भूगर्भाचं शास्त्र शिकवतो, ते उर्दू किताबातून. पोरं हुशार आहेत. थरांची नावं विचारली तर पाढे म्हटल्यासारखी धडाधड म्हणतात. परवा मी कॉलेजच्या कुंपणातलाच एक दगड उचलून टेबलावर ठेवला आणि विचारलं की हा कोणता? पोरं किताबाची पानं उलटायला लागली. शेवटी एकानं मोठ्या अदबीनं विचारलं की साहेब, हा किताबाच्या कितव्या पानावर आहे? रोज ज्याच्या ठेचा खातात तो दगड यांना ओळखू येईना! मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

पाडव्याच्या सुमारास हैदराबादेहून तपासणीला साहेब यायचे आहेत. मी अजून मुन्सरिम, म्हणजे तात्पुरताच आहे. वर्गानं तोंड उघडलं नाही तर माझं चंबूगबाळं आवरायची वेळ येईल. पण खरं सांगतो आक्का, नोकरीपेक्षा मला हे जास्त लागलंय की शिकवावं कसं तेच उमगेना.

आत्याबाईंना नमस्कार सांग. धाकट्यावर माया आहे तशीच ठेव.

तुझा
राधाकिसन

*

केदारखेडा,
फाल्गुन शुद्ध तृतीया

चि. राधाकिसनास दुर्गाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि. हिकडं समदे बरे हाव. गाय व्याली, कालवड झाली. तुझी चिठ्ठी दोनदा वाचली, एकदा माझ्यासाठी अन् एकदा मोठ्यानं ह्यांच्यासाठी.

ह्यांना तुझं पुरणपोळीचं लई पटलं. तवापासून गड्यांना म्हणत्यात, पुरण काढा रे, पुरण! विहिरीच्या जिन्याच्या बाजूनं तांबडं पार आतपोतर कोरून राह्यले. माळावर विहीर खणतो म्हणून गावानं ह्यांची लई टर उडवल्ती, तुला ठावं हाय. आता पारावर बसून सांगत्यात की आमचा मेव्हणा कॉलेजात मास्तर हाय, त्यानं कागदावर लिहून दिलंय पाणी हाय म्हणून. माझ्या सासूबाईंचं, आत्याबाईंचं, येगळंच. त्या म्हणत्यात कागदानं पाणी लागत न्हाई, आसरांनी दिलं तर लागतं. विहिरीतल्या सात आसरांना, पाण्याच्या देवींना, रोज हात जोडून राह्यल्यात.

अन् काय रे ए शहाण्या, तुला शिकवायचं कसं ते कळंना? मला शिकवलंस ते इसरलास? आष्टीला आपल्या खळ्यावर मळणी चालू व्हती. पोरीच्या जातीला पाटी कोण देणार? तू ज्वारीच्या दाण्यांनी जमिनीवर माझं नाव मांडलंस अन् म्हणलास, दुर्गे, चिमण्यांनी खायच्या आत वाचून काढ. चिमण्या एकीकडून टिपत व्हत्या अन् मी जीव खाऊन अक्षर ओळखत व्हते. माझ्यापेक्षा धाकटा तू, पण चुकलं की छडी मारायचास, अन् मंग मी तुला धरून दोन ठेवून द्यायची. तसं शिकलेलं आजून हाय माझ्यापाशी. तुझ्या पोरांपुढं चिमण्या न्हाईत, एवढंच झालंय.

घेऊन ये त्यांना हिकडं. आमच्याकडं दगडाला काय कमी? खायला भाकर-पिठलं घालीन. पण एक बघ, चार माणसं एका जागी जमली तरी हल्ली शिपाई येऊन पुसून राह्यला. तवा रीतसर इजाजत काढ, मंगच पाय उचल.

भावजयीला अन् लेकराला माझ्या वाटची माया दे.

तुझी
दुर्गा

*

औरंगाबाद,
३० फरवर्दी

ती. स्व. सौ. आक्कास राधाकिसनाचा नमस्कार, वि. वि. चिमण्यांचं वाचून मी एकटाच हसत बसलो. प्रिन्सिपॉल साहेबांकडे तडक गेलो आणि म्हणालो, पोरांना विहीर दाखवायला नेतो. ते चष्म्यावरून बघत राहिले. विहीर काय बघायची, असं त्यांना वाटलं असणार. पण हो म्हणाले.

पोलिसांकडे जमावाच्या इजाजतीचा अर्ज टाकून आठवडा झाला, होही नाही आणि नाहीही नाही. गप्प राहणं म्हणजे होकारच, असं धरून चालतो. येत्या जुम्म्याच्या सुट्टीला आगगाडीनं जालन्यास आणि तिथून बैलगाड्यांनी तुझ्या दारात. पोरांच्या किताबा मी तुझ्या बाजेखाली कोंडून ठेवणार आहे. त्यांनी नुसतं बघायचं.

दाजींना सांग, विहिरीत उतरताना सगळे जोडे वर काढतील. आसरांना चामडं चालत नाही हे मी अजून विसरलो नाही.

ओढ आहे तशीच राहू दे.

राधाकिसन

*

केदारखेडा,
फाल्गुन वद्य चतुर्थी

चि. राधाकिसनास आशीर्वाद, वि. वि. नीट पोचलास, बरं झालं. तुम्ही गेल्यावर वाडगं सुनं सुनं वाटून राह्यलं. तुझी पोरं लई गुणाची. जालन्याचा तो हमीद तर पिठल्यावर असा तुटून पडला की आत्याबाई त्याला वाढता वाढता थकल्या. एरवी शिवाशिवीचं किती कडक त्यांचं, पण पोरगं जेवताना बघून इरघळल्या. अन् तू डोक्यावर ती साहेबाची टोपी घालून विहिरीच्या तोंडाशी उभा राह्यलास, तर गड्यांना वाटलं कलेक्टर आला!

खरं सांगते, मी लांबून बघत व्हते. पोरं आधी भांबावली. किताब न्हाई तर बघायचं काय? मंग हळूहळू एकेक जण विहिरीच्या भितीला हात लावाया लागला. वरचा काळा, मधला तांबडा, खालचा ठिपक्याठिपक्यांचा. त्या धर्मराजनं तांबडं उकरून जिभेला लावून बघितलं. ते बघून मला वाटलं, आल्या चिमण्या.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिशी पाणी लागलं रे! जिन्याच्या बाजूनं, तांबड्याच्या अंगानं, झुळझुळ. ह्यांनी विहिरीतूनच अशी हाळी दिली की मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळत गेले. गावाची तोंडं बंद झाली. माझ्या मास्तर भावाचं नाव आता समद्यांच्या तोंडी.

आता आसरांची पूजा पाडव्याला धरली हाय. आमच्याकडं रीत अशी, की पाणी लागलं की खणणं बंद. मंग गावच्या सुवासिनींनी जिन्यानं पार तळाला उतरायचं अन् पाण्यात आसरांची ओटी भरायची. पहिली मी, मंग नणंदा, मंग बाकीच्या. त्याच्या आधी विहिरीतलं समदं लोखंड वर काढत्यात. लोखंड असलं तर आसरा येत न्हाईत. पहारी, घण, सुतक्या निघाल्या. तू जाताना जिन्यापाशी बाभळीचे दोन टेकू देऊन त्याला लोखंडी पाचरी मारल्त्या ना, त्या बी काढायच्यात. पाचरी निघाल्या की टेकू बी निघत्याल, वाट मोकळी व्हईल.

एक शिपाई आल्ता. कोण आल्ते, कशाला आल्ते, इजाजत कुठं हाय, असं पुसून गेला. ह्यांनी सांगितलं, दगड बघाया आल्ते. तो म्हणला, दगड बघाया कोण येतं? जरा जपून ऱ्हा.

आक्काची आठवण ठेव.

दुर्गा

*

औरंगाबाद,
११ अर्दीबेहश्त

ती. स्व. सौ. आक्कास नमस्कार, वि. वि. ही चिठ्ठी धर्मराजच्या हाती देतो आहे. त्याचं गाव भोकरदनकडंच आहे, तो टपालाच्या आधी पोचेल. हातातलं काम टाकून आधी वाच. विहिरीतले टेकू काढू नका. काढले असतील तर कोणालाही खाली उतरू देऊ नका. तू तर नाहीच नाही.

काय झालं ते सांगतो. इथं आल्यावर मी पोरांना म्हणालो, जे पाहिलंत ते मातीत करून दाखवा. मेसच्या स्वयंपाक्याची परात आणली. तळाला मुरूम, त्यावर भिजवलेला गेरू, वर एक सपाट फरशी. एका बाजूला विहिरीसारखा खड्डा, आणि दाजींनी कोरलंय तसं फरशीखालचं तांबडं पोरांनी काढून घेतलं. धर्मराजनं परातीच्या एका काठाखाली खडा सारला, का तर विहिरीतला थर जिन्याकडं उतरता आहे म्हणाला. मग मागच्या अंगानं तांब्याभर पाणी सोडलं. बघता बघता तांबडं साबणासारखं निसरडं झालं आणि फरशी गुपचूप सरकून खड्ड्यात जाऊन पडली. सगळी पोरं टाळ्या पिटायला लागली. तेवढ्यात हमीदनं विचारलं, साहेब, त्या वेळी खाली कोण उभं होतं?

आक्का, तिथं मला तू दिसलीस. टाळ्याही एकदम थांबल्या.

केदारखेड्याला जिन्यावर बसल्या बसल्या धर्मराज मला म्हणाला होता की साहेब, तांबडी रेघ सपाट नाही, आमच्याकडं उतरतेय. मी त्याला म्हणालो, आपल्या मुलखात थर सपाटच असतात, तुझी नजर फसतेय. कारण किताबात तसंच आहे! पोरांच्या किताबा मी तुझ्या बाजेखाली ठेवल्या, पण माझी माझ्या डोळ्यांवरच बांधलेली होती. टेकूही मी दिले ते बारीकसारीक दगड पडू नयेत म्हणून. वरचा सगळा पाषाण त्यांच्याच आधारानं थांबला असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि तांबडं बेलाशक कोरा म्हणून लिहिणारा मीच.

दाजींना परात करून दाखव. मी स्वतः आलो असतो, पण इजाजत नसताना जमाव नेला म्हणून चौकशी लागली आहे आणि ती संपेपर्यंत शहर सोडायचं नाही असा हुकूम आहे. तरी तू नुसतं ये म्हण, मी हुकूम चुलीत घालून निघतो.

तुझा
राधाकिसन

*

केदारखेडा,
फाल्गुन वद्य एकादशी

चि. राधाकिसनास आशीर्वाद, वि. वि. धर्मराज चिठ्ठी देऊन पाणी सुदिक न पिता विहिरीकडं पळाला. पण उशीर झाल्ता. पाचरी अन् टेकू कालच वर काढून झाले. खालून काळ्या दगडाचं ते धूड आता नुसतं अधांतरी हाय. आधी मी रोज बघत व्हते, तवा मला ते दगडच दिसत व्हतं. आता बघवत न्हाई.

मी अंगणात परात मांडली. तू सांगितलं तसं समदं केलं. ह्यांना बोलावलं, आत्याबाईंना बोलावलं. फरशी सरकून पडली बराबर, तुझ्यासारखीच. हे पोट धरून हसले. म्हणले, परातीत चिखल कालवून माझी विहीर पडती व्हय? आधी तुझा भाऊ म्हणला कोरा, मी कोरलं. आता म्हणतो उतरू नका. त्याच्या किताबाचं पान उलटलं म्हणून मी गावापुढं नाक कापून घेऊ? नणंदांना सांगावे गेलेत, गूळ-खोबरं आणलंय, समदं गाव येणार. पूजा केल्याबिगर पाणी प्यायचं न्हाई, अन् तळाला उतरल्याबिगर पूजा व्हत न्हाई. मी लई इनवण्या केल्या, एकदा पायावर डोकं बी ठेवलं. मंग म्हणले, तुला भ्या वाटत आसंल तर तू घरी बस, बाकीच्या बाया उतरतील. आता सांग, मी घरी बसून नणंदांना त्या धोंड्याखाली धाडू?

तू येऊ नको. एका म्यानात दोन तलवारी राहात न्हाईत. तू आलास की हे ईर्षेनं आधी सोता उतरतील, हे मला पक्कं ठावं हाय. वाईट माणूस न्हाई रे, पण गाव हसलं ते ह्यांच्या काळजात रुतून बसलंय. तुझी नोकरी बी घालवून बसशील अन् उपेग शून्य.

मला रातध्याड तोच एक दगड दिसून राह्यला. काय करू ते तरी सांग.

दुर्गा

*

औरंगाबाद,
१६ अर्दीबेहश्त

आक्कास नमस्कार, वि. वि. धर्मराज ही चिठ्ठी घेऊन उलट्या पावली निघतो आहे.

मला काय सुचणार? वर्गात मी सांगतो की पुरावा डोळ्यांपुढं ठेवला की माणूस पटवून घेतो. दाजींच्या डोळ्यांपुढं पुरावा ठेवला आणि ते हसले. माझं सगळं शास्त्र तुझ्या अंगणात एका परातीत बुडालं.

तू म्हणतेस तर येत नाही, पण पाडव्याला इथं माझा जीव थाऱ्यावर नसेल. त्याच दिवशी तपासणीचे साहेब माझ्या वर्गात येऊन बसणार आहेत. आक्का, कसंही कर, पण बायांना थांबव. शास्त्रानं थांबत नसतील तर ज्यानं थांबतील त्यानं थांबव. मी कधी विचारणार नाही, कसं केलंस म्हणून.

हात जोडतो.

राधाकिसन

*

केदारखेडा,
चैत्र पाडवा, दिवेलागण

चि. राधाकिसनास आशीर्वाद, वि. वि. कुणी उतरलं न्हाई. आधी हे वाच अन् जिवात जीव आण. पण मंग फुडलं बी वाच, कारण ते मी दुसऱ्या कुणालाच सांगू शकत न्हाई.

समदं गाव विहिरीवर जमलं. वाजंत्री लावल्ती. मी हातात ओटीचं ताट घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राह्यले. मागं नणंदा, त्यांच्या मागं साऱ्या बाया, जरीची लुगडी नेसून, हसत-खिदळत. खाली बघितलं तर तांबड्यातून पाणी झिरपून राह्यलं अन् वर तो पाषाण. पहिल्या पायरीवर पाय टाकला अन् राधा, मी ताट फेकलं, केस मोकळे सोडले अन् घुमाया लागले.

मला काय ठावं घुमतात कसं? आष्टीला लहानपणी बघितलं तेवढंच. दात-ओठ खाल्ले, अंग हलवलं. अन् आवाज जाड करून म्हणले, मी थोरली आसरा, तांबडा माझा पदर हाय, तुम्ही खालून माझा पदर फेडलात, माझ्या पदराखाली कुणी आलं तर त्याला मी घेऊन जाईन. ओटी वरूनच द्या. हे म्होरं आले, मला धरून म्हणले की दुर्गे, हे काय? तर आत्याबाई वाघिणीसारख्या मधी पडल्या. ह्यांच्या थोबाडीत द्यायची तेवढी बाकी ठेवली. देवीला नावानं हाक मारतो का म्हणल्या, अन् माझ्या पायावर लोळण घेतली. माझ्या पायावर! सत्तरीची म्हातारी. मला वाटलं धरणी दुभंगून मला घेईल तर बरं.

ओटीचा नारळ टोपलीत घालून दोरानं खाली सोडला. जेवणं झाली. समदे पांगले.

अन् राधा, विहिरीची भीत हाय तशी हाय. एक खडा पडला न्हाई. मी दिवसभर विहिरीकडं कान लावून बसले. देवीच्या नावानं खोटं बोलले, म्हाताऱ्या सासूला पायावर घेतलं, अन् भीत उभीच. हे आल्यापासून नुसतं माझ्याकडं बघून राह्यले. आता बाहेर जाताना म्हणले, उद्या सकाळी मी सोता उतरून नारळ आणतो, मंग बघू कुणाचा पदर हाय तो. मला ठावं हाय, त्यांनी वळीखलंय माझं सोंग.

उद्या मला दुसऱ्यांदा घुमता यायचं न्हाई. अंगात तेवढं बळ न्हाई अन् तोंड बी न्हाई. तुझी परात चुकली आसंल तर मी खोटारडी ठरते. बराबर आसंल तर माझं कुंकू जातं. बस, एवढंच.

दुर्गा

*

केदारखेडा,
चैत्र शुद्ध तृतीया

चि. राधाकिसनास आशीर्वाद, वि. वि. पडली. हे जितेजागते हाईत, अंगावर वरखडा न्हाई.

काल सकाळी हे निघाले तशी मी बी मागं पळाले. आत्याबाई आधीच जाऊन विहिरीच्या तोंडावर पदर पसरून बसल्या व्हत्या. म्हणल्या, आसरानं वरून घेतलेलं वरूनच काढायचं, दोरानं काढ. उतरायचं तर माझ्या अंगावर पाय देऊन उतर. आईच्या अंगावर पाय कसा द्यावा? चिडून चिडून दोर वढाया लागले. टोपली अर्ध्यावर आली असंल, अन् कणगी फुटून जवारी घरंगळावी तसा आवाज आला. आख्खा पाषाण सरकला. घाईनं पडला न्हाई रे, सरकला, परातीतल्यासारखाच, अन् जिन्यासकट खाली गेला. पायाखालची जमीन हादरली. धुरळा बसल्यावर बघितलं तर जिना न्हाईच. पाणी लालभडक. हे दोराचं तुटकं टोक हातात धरून तसेच खाली बसले अन् लहान लेकरावाणी रडाया लागले. मी बी रडले. मला वाटलं आता दोघं मिळून घरी जाऊ अन् हे मला शिव्या देतील, मी चार उलट्या देईन, अन् समदं पहिल्यासारखं व्हईल.

तसं झालं न्हाई. लाल पाणी म्हणजे आसराचं कुंकू, असं गावात झालंय. बाया दारात येऊन माझ्या पाया पडून राह्यल्या. शेजारच्या गावात कुणाच्या विहिरीत तांबडं लागलं, तर त्यानं खालून कोरायचं थांबवलं अन् नारळ ठेवला, आसराचा पदर फेडू नये म्हणून. तुझ्या कॉलेजानं किती वर्षांत येवढं शिकवलं आसतं रे?

पण घरात माझं कुणी राह्यलं न्हाई. आत्याबाई माझ्या आधी जेवत न्हाईत. अन् हे! काल मीठ जास्त पडलं कालवणात, तर मुकाट खाल्लं. मी म्हणले, अवं ते सोंग व्हतं, राधानं परातीचं सांगितलं म्हणून मी केलं. तर हात जोडून म्हणले की देवी आपलं येणं आसंच लपवत आस्ती. नवऱ्यानं मला हात जोडले! येवढ्या वर्षांत आमचा एक दीस भांडणाबिगर गेला न्हाई, अन् आता हे मला अहो-जाहो करून राह्यले. वर पुसत्यात की दुसरी विहीर कुठं खणावी ते देवीला इचारून सांगा. मी काय सांगू? माणूस चुकलं तर दुसऱ्यांदा नीट करतं. देवीला चुकायला जागा न्हाई. उद्या मी बोट दाखवीन तिथं माणसं खणतील अन् मराय बी तयार व्हतील.

मला भ्या वाटून राह्यलं राधा. त्या धोंड्याचं वाटत व्हतं त्याच्यापेक्षा जास्त. तू तरी मला आक्काबिक्का लिहू नको, नमस्कार घालू नको. खळ्यावर म्हणायचास तसं दुर्गे म्हण अन् चांगली झाप.

दुर्गा

*

औरंगाबाद,
२५ अर्दीबेहश्त

दुर्गे,

अक्कल गहाण टाकली होतीस काय? तळाशी एवढा पाषाण अधांतरी दिसत असताना पाचरी काढताना गप्प बसलीस? चार ओळी खरडायला शिकलीस, पण डोळे उघडायला शिकली नाहीस. हात पुढं कर, छडी आहे.

झालं समाधान? आता मी हात पुढं करतो. कारण डोळे बांधून घेतलेला पहिला मी.

इकडचं थोडक्यात. पाडव्याला तपासणीचे साहेब वर्गात बसले. त्यांनी हमीदला थरांची नावं विचारली. हमीद उठला आणि म्हणाला, हुजूर, परात आणू का? पोरांनी साहेबांपुढं सगळं मांडलं. साहेबांनी बाह्या सावरून पाणी स्वतः ओतलं आणि फरशी पडल्यावर पुन्हा मांडायला लावलं. मी तिथं होतो, पण मन तुझ्या जिन्यावर होतं. फरशी दुसऱ्यांदा पडली तेव्हा मला वर्गाबाहेर जावं लागलं. चौकशी मिटली आहे, शहर सोडायला मोकळीक आहे. नोकरी पक्की झाल्याचा हुकूम मात्र अजून नाही. येईल तेव्हा येईल.

तू गावाला शिकवलंस ते मी जन्मात शिकवू शकलो नसतो, हे कबूल. आसराच्या पदराला हात लावू नये, हे लोक आता विसरणार नाहीत. पण तुझं भ्याही खरं आहे. ज्याचं कारण कुणाला ठाऊक नाही ते उद्या भलतीकडंही नेईल. म्हणून येत्या जुम्म्याला मी येतो. या वेळी इजाजतीचा कागद खिशात आहे. सोबत धर्मराज, हमीद आणि परात. नवी विहीर कुठं घ्यायची ते आम्ही माळभर हिंडून, दाजींना बरोबर घेऊन बघू. जागा मी सांगणार, माझ्या नावानं. चुकली तर गाव मला हसेल. देवीनं त्या दिवशी काही बोलायचं नाही.

आणि तुझ्या अंगणात, आत्याबाईंसमोर, दाजींना बसवून मी पहिल्यापासून शिकवणार आहे. पहिला धडा असा की मी लिहिलं बेलाशक कोरा, ते साफ चुकीचं होतं. धर्मराज बरोबर होता आणि मी त्याला गप्प केलं. हे मी चारचौघांत म्हणालो की दाजी आधी माझ्यावर तोंड सोडतील. माझा मानी मेव्हणा मी ओळखून आहे. परवा तुझ्यापुढं जोडलेले हात आधी माझ्या मानगुटीला लागतील. मला झापून झालं की त्यांना आठवेल की या चिठ्ठ्या त्यांना वाचून कोण दाखवत होतं. मग झापून घ्यायची तुझी पाळी.

कालवणात मीठ जास्तच घालून ठेव.

राधाकिसन